काढून टाकलेली झाडं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्र घेतलेले आम्ही सहाच जण होतो. शिकवायला तासिका तत्त्वावरचे एकच सर. नमुना आपल्या पसंतीनं निवडायचा नसतो, रँडम नंबरचा तक्ता जे म्हणेल ते घ्यायचं, असं त्यांनी दुसऱ्या वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. मला ते फार आवडलं होतं. शाळा-कॉलेजात इतकं सरळ काही मला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून प्रोजेक्टला मी आमच्याच शेतातलं सोयाबीन घेतलं. वाशिमकडच्या अनसिंगच्या पुढे आमचं गाव, गावाला लागून शेत. कितवी ओळ आणि ओळीतलं कितवं झाड, हे रँडम नंबरच्या तक्त्यावरून ठरवायचं आणि त्या झाडाच्या शेंगा मोजायच्या. अशी साठ झाडं. आई वाकून मोजायची, मी लिहायची. तक्ता आम्हाला पुन्हा पुन्हा खालच्या कोपऱ्यात पाठवायचा. तिथं पाणी साचून राहतं, झाडं गुडघ्यालाही येत नाहीत.

"चांगले झाडं त इकडे हायेत," आई म्हणाली. "तिकडे चिखलात कायले नेऊन राह्यली मले?"

मी तिला सरांचं म्हणणं समजावून सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे, पण चप्पल बांधावर काढून ती चिखलात उतरली. मोजायला दोन दिवस लागले.

आलेख काढला तर त्याला दोन उंचवटे आले. एक चांगल्या जमिनीतल्या झाडांचा, एक त्या कोपऱ्यातल्या झाडांचा. मला आनंद झाला. शेत जसं होतं तसं कागदावर उतरलं होतं. सरांनी मात्र पान पाहिलं आणि पेनाचं टोक डावीकडच्या उंचवट्यावर टेकवलं. आकार घंटेसारखा यायला पाहिजे, नाहीतर आकड्यांना पुढची संख्याशास्त्रीय चाचणी लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

"हे खालचे बारा झाडं काढून टाक अन् दुसरे आकडे भर. मंग बसते बरोबर."

"सर, पण ते झाडं शेतात आहेत."

"असतील. एक्झामिनरले शेत नाई दाखवायचं, आलेख दाखवायचा हाय."

बाकीचे पाच जण हसले. त्यांनी घरी बसून आकडे लिहिले होते आणि त्यांचे आलेख सुरेख आले होते. माझे कान तापले. मला भांडायचं होतं, पण मी भांडले नाही. प्रॅक्टिकलचे अर्धे मार्क सरांच्या हातात होते. घरी जाऊन मी बारा झाडं काढली आणि बारा खोटी लावली. आज लिहितानाही राग येतो तो आधी माझा, मग त्यांचा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, झाडं कशी निवडली? तेव्हा मात्र मला राहवलं नाही. यातले बारा आकडे खोटे आहेत, खरे माझ्या वहीत आहेत, दाखवते, असं मी सांगून टाकलं. सर बाजूलाच बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. परीक्षकांनी माझं जर्नल मिटलं, चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, असं बोलत नसतात. पुढच्याला पाठव."

वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. माझ्यावर ओरडले असते, नापास केलं असतं, तरी चाललं असतं. निकालात मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते. सहाही जणांना तेवढेच.

दोन वर्षांनी सर वाशिमच्या बस स्टँडवर भेटले. मुलं मिळेनात म्हणून कॉलेजनं तो विषयच बंद केला होता, आणि ते रिसोडला शिकवण्या घेत होते. अंगानं पार उतरलेले. मी एम.एस्सी. करते आहे हे ऐकून मनापासून खूश झाले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"सर," मी म्हणाले, "त्या दिवशी तुमी एक शब्द बोलायले पाहिजे होता."

कोणत्या दिवशी, हे त्यांनी विचारलं नाही. रिसोडची गाडी लागली तशी पिशवी उचलून ते चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसले.