अमेरिकेची दोन दारं

आमच्या मामांना अमेरिकेच्या दारांची जेवढी काळजी होती, तेवढी खुद्द अमेरिकेलाही कधी वाटली नसेल. परळीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या माणसानं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता; पण शंभर वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या परक्या माणसांचं पुढं काय झालं असेल, या विचारानं त्यांचा चहा गार होई. न्यूयॉर्कच्या बंदरात पापण्या उलटून डोळे तपासत आणि बहुतेकांना त्याच दिवशी सोडत. सॅनफ्रान्सिस्कोला मात्र चिनी माणसांना बेटावर कोंडून सांगितलेलं नातं खरं का ते पडताळायला आठवडेच्या आठवडे विचारत, गावात शेजारी कोण, विहीर कुठल्या अंगाला. ही तुलना मामांनी न्हाव्याच्या खुर्चीत केली, दवाखान्याच्या रांगेत केली, एकदा तर मयतीतसुद्धा केली. आणि त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याकडे निघाली, तेव्हा तिकीट निघालं नेमकं सॅनफ्रान्सिस्कोचं.

"लई वाईट दार हाय ते," मामा म्हणाले आणि तिची तयारी करून घ्यायला बसले. "सांग, आपल्या घरासमोर कोण ऱ्हातं?"

"बाबा, हे कावून इचारतील तिथं?"

"चिन्यांनाबी असंच वाटलं व्हतं, माय."

ती उतरायची त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्याकडे होतो. विमानाची वेळ टळून गेली, तरी फोन नाही. मामा खिडकीच्या गजावर बसलेली वीज केंद्राची राख बोटानं पुसत होते, पुन्हा पुसत होते. जेवणाची वेळ झाली तसे ते मामींना म्हणाले, "तिचं ताट वाढून झाकून ठिव. माघारी धाडली तर उपाशी यील."

"आवो, अमेरिका म्हंजी काय धारूर हाय का, जेवायच्या वक्ताला माघारी यायला?" मामी कडाडल्या. पण ताट त्यांनी वाढलं, झाकलंही. मला हसू आलं नाही.

फोन वाजला तेव्हा मामांना तो उचलवेना. मी उचलला. रांग मोठी होती, एवढंच. "दोनच गोष्टी इचारल्या, दादा. बाबांना सांग."

"सोडली?" मामांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी वैजनाथाच्या दिशेनं हात जोडले आणि "घेतली आत!" असं रस्त्यावरच्या फळवाल्यालाही सांगून आले. मग खाली बसले. मामी ताट उचलायला वाकल्या.

"ऱ्हाऊ दे गं जरा," मामा म्हणाले.

आम्ही सगळे इतके खुशीत होतो, की त्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गेल्या वर्षी मामा गेले. त्या दुपारचं मला आता तेवढंच ऐकू येतं.