उभ्या फटफटीचा पळता काटा

नातींनो, लासूरला नांदायला गेलात अन आजी जिती आहे हेच विसरलात व्हय? मला लिहिता येत नाय, तुम्हाला तर येतं ना!

आजचं ऐका. तुमच्या भावानं, नामदेवानं, तो कामाला आहे त्या कापसाच्या जिनिंगच्या मालकाची फटफटी न विचारता करमाडला नेली. येताना माझ्यासाठी घेतलेला वरवंटा हँडलला टांगला. तो आदळून वेगाच्या मीटरची काच, काटा, काटा मागं ओढणारी आतली कमान, सगळं मोडलं. मालक परवा हैदराबादहून येतोय. चिडला तर नामदेवाची नोकरी गेली.

घडीसाज करीमचाचांनी मोडक्या घड्याळांतली काच, काटा अन कमान काढून बसवली. "देखो अम्मा, एकदम नवा!"

बघते तर फटफटी दारात उभी, अन काटा अर्ध्यावर!

"चाचा, ही उभ्या उभ्या कुठं निघाली?"

"अम्मा, घड्याळाचा काटा कुठंबी बसवा, मागून फिरवता येतो."

"पण हे घड्याळ नाय ना! रिकाम्या तराजूसारखा काटा जागेवर यायला पाहिजे."

नामदेव म्हणाला, "आजी, तुला आकडे तरी वाचता येतात का?"

नाय येत. पण ज्याला येतात, त्याला कुठं दिसलं? हे लिहिताना तो कुरकुरतोय. लिही रे, गाळू नको!

चाचांनी काटा काढून नीट बसवला. काच मात्र घड्याळाची, ती ओळखू येणारच. म्हणून मालकाला खरं सांगायला मीच जाणार आहे. तुम्ही असतात तर गप बसला असतात का?

चिठ्ठी आजच्याच गाडीनं धाडतेय, उद्याच्या गाडीनं धपाटे पाठवा. चाचांचे वेगळे बांधा, अन मालकाचे जरा जास्त. तोंडात घास असला की तो कमी ओरडेल.