मे महिन्यातली शेगडी

माझी नात बाळंत होऊन घरी आली, अन् मी सवयीनं शेकाची शेगडी काढली.

"आजी, मे महिन्यात शेगडी काहून वं? एसी चोवीसवर आहे." खोली गार होती, पण तिचे डोळे जागून खोल गेले होते.

माझं पहिलं बाळंतपणही मे महिन्यातलंच. बाजेखाली निखारे, अंगावर गोधडी, अन् चार रात्रींचं जागरण. सासूबाईंचं एकच, "बाळंतिणीले हवा लागू नये." पण पाचव्या दुपारी त्यांनीच शेगडी बाहेर नेली, खिडकीवर ओली चादर टाकली अन् बाळ उचललं. "झोप वं. मले कोणी झोपू दिलं नव्हतं."

तेव्हा धड ऐकलंही नाही, लगेच डोळा लागला. ते वाक्य आज ऐकू आलं.

शेगडी ठेवून दिली, बाळ घेतलं. गुडघे दुखतात, पण बसते घटकाभर.