खुंटावरची निळी वायर

माझ्या लेकीच्या मुलाखतीत मी उमेदवार नव्हतो. तरी साहेबांनी सर्वांत जास्त बघितलं ते मलाच.

तन्वीला नोकरी घरूनच करायची होती. कंपनीची अट एकच: घरचं इंटरनेट दणदणीत पाहिजे, नाहीतर मुंबईला या! (मुंबईचं नाव काढलं की तिची आई डोळ्यांना पदर लावायची.) आमचं देवबागचं घर लांबलचक, जाड चिऱ्याच्या भिंतींचं. पुढे पर्यटकांचा गोंगाट, म्हणून तन्वीची खोली मागे, खाडीकडे. वायफायचे तीन डबे आणून घरभर ठेवले, तरी तिच्या खोलीत समोरचा माणूस 'आ' करून गोठायचा!

मला राहवेना. एवढे डबे, मग वायफाय जातं खंय? मोबाइल धरून मी न्हाणीघरापर्यंत शोधत फिरलो.

"बाबा, डबे हवेतून एकमेकांशी बोलतत," तन्वी म्हणाली. "मधे चिरो इलो की अर्धा बोलणा थयच रवता. वायरीन जोडलास तर सगळा पोचतला."

"म्हणजे गळक्या बादलीन पाणी नेण्यापेक्षा सरळ पाइप घालूचो?"

"तसाच!"

मग काय विचारता! निळी वायर आणली, परसातून ओढत नेली, खिडकीतून आत घेऊन शेवटच्या डब्याला जोडली. मुंबईच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर तिच्या दातातली कोथिंबीरसुद्धा दिसली! वायर मात्र भलतीच लांब निघाली. कापायला जीव होईना, म्हणून उरलेलं वेटोळं खिडकीबाहेर, खाडीकाठच्या खुंटावर अडकवलं.

आता देवबागात खुंटावर मोकळी दोरी दिसली की 'कोणाची?' असं कोणी विचारत नाही. होडी बांधायची आणि जेवायला जायचं. शेजारच्या बबनने तेच केलं.

इकडे मुलाखत सुरू झाली, तिकडे ओहोटी लागली. होडी पाण्याबरोबर निघाली, वेटोळं उलगडलं आणि तन्वीच्या टेबलावरचा डबा खिडकीकडे चालायला लागला! मी नुकताच आंघोळ करून पंचा गुंडाळलेला. तसाच धावलो आणि बाहेरून वायर दोन्ही हातांनी धरली.

"बबन! होडी खंय बांधलंस रे मेल्या?"

"तुझ्याच दोरयेक! माझ्यासाठीच ठेवलंस ना?" बबन हातातला घास टाकून धावत आला.

"दोरी खंयची? तन्वीची नोकरी आसा ती!"

तेवढ्यात आमच्याकडे उतरलेले पुण्याचे पाहुणे आले. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं रापणीचं जाळं त्यांना दाखवायचं मी कबूल केलं होतं. मला ओढताना बघून सगळे आनंदाने ओरडले, "रापण सुरू झाली!" आणि कोणी वायर धरली, कोणी मला धरलं. "जोर लावा! मासा मोठा आहे!"

"अवो, पंचो सुटलो!" बायको स्वयंपाकघरातून किंचाळली.

कळलं होतं मला! पण हात दोनच, आणि दोन्ही वायरीला.

शेवटी बबनने पाण्यात उडी घेऊन होडी सोडवली आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. पोरीची नोकरी बापानेच बुडवली, असं वाटून रडूच येत होतं. खिडकीत डोकावून विचारलं, "कॉल तुटलो काय गो?"

"नाय बाबा," कॉल संपवून तन्वी वळली. "एकदाही नाय."

नोकरी मिळाली, आणि घरूनच! आईने या खेपेला आनंदाने पदर ओला केला. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या तन्वीला साहेब म्हणाले होते, "कनेक्शन उत्तम आहे. तुमच्या मागचंसुद्धा सगळं अगदी स्वच्छ दिसलं."

जुन्या वायफायवर मी निदान धूसर तरी दिसलो असतो!