तक्रारीसाठी तीन दाबा

वारज्यातल्या माझ्या वॉटर फिल्टरच्या दुकानात फोनचं नवं सेटिंग करायला एक बाई आल्या होत्या. नाव विचारायचं राहिलंच. चष्मा कपाळावर, आणि एकेक बटण जोडून झालं की स्वतःशीच मान हलवायच्या. विक्रीसाठी एक, दुरुस्तीसाठी दोन झालं.

"तक्रारीचा फोन कुणाकडे वळवू?"

"कुणाकडेच नको. गाणं वाजू द्या."

त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी बदललं आणि चाचणीसाठी मोबाइल घेऊन जिन्यात गेल्या. लगेच माझाच फोन वाजला.

"तक्रार आहे. तासभर झाला, चहासुद्धा विचारला नाहीत."

मी निमूट चहा टाकला. पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "सेटिंग चालतंय. आलं कमी पडलं."

तक्रारी अजून माझ्याकडेच येतात. सेटिंग बदलून घेता येईल, पण बाईंना बोलवायच्या आधी आलं आणायला हवं.