दिवसातून एकदा

दवाखान्याच्या बाकावर औषध कंपनीचा माणूस लगेच ओळखू येतो. बाकीचे सगळे कुठेतरी दुखतंय म्हणून बसलेले असतात. हा एकटाच तब्येतीनं बरा, पॉलिश केलेले बूट, मांडीवर काळी बॅग. पेशंट त्याच्याकडे रागानं बघतात, कारण तो मध्येच घुसेल अशी त्यांना भीती असते. तो घुसत नाही. सगळे संपल्यावर, डॉक्टर जेवायला उठायच्या आधी, त्याला चाळीस सेकंद मिळतात.

अशा बाकाच्या टोकाला सत्तावीस वर्षं बसलेल्या एका माणसाला त्याच्या धंद्यातले लोक 'अर्धे डॉक्टर' म्हणत. बॅगेच्या ओझ्यानं त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. माप घेताना शिंपी दरवेळी म्हणायचा, "साहेब, जरा सरळ उभे राहा." ते सरळच उभे असायचे.

चोविसाव्या वर्षी, दुसरं काही हाती लागेना म्हणून ते या नोकरीत आले. कंपनीनं पहिले एकवीस दिवस एका हॉलमध्ये बसवून शिकवलं. बाकीचे मागच्या रांगेत पेंगत होते. यांना मात्र तिथं काहीतरी सापडलं. औषध पोटातून रक्तात उतरतं, यकृतात त्याचं रूप बदलतं, मूत्रपिंडातून ते निघून जातं. शिकवणाऱ्यानं फळ्यावर एक उतरती रेघ काढली. इतक्या तासांत रक्तातलं औषध निम्मं होतं, मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं.

"म्हणजे संपतं कधी?" यांनी विचारलं.

"हिशेबात कधीच नाही," शिकवणारा हसला. "माणसात मात्र चार-पाचदा निम्मं झालं की संपलं समजायचं."

हे उत्तर त्यांना जन्मभर पुरलं. घरी कुणाचं डोकं दुखलं तरी आधी व्याख्यान व्हायचं. बायको म्हणायची, "अहो, गोळी द्या, गोळीचं चरित्र नको." धंद्यातले लोक पाठीमागे म्हणायचे, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय. आणि अडलं की त्यांनाच फोन करायचे: "अर्धे डॉक्टर, दम्याच्या पेशंटला ही गोळी का नको, एका वाक्यात सांगा, सर आत बोलावतायत." ते एका वाक्यात सांगायचे. उपकार मानायला कुणी थांबत नसे.

चाळीस सेकंदांत पाच गोष्टी सांगायच्या असतात. गोळीचं नाव, कशावर, किती, केव्हा, आणि कुणाला द्यायची नाही. पहिल्या वर्षी हे आठवून सांगावं लागतं. पाचव्या वर्षी आठवावं लागत नाही. दहाव्या वर्षानंतर जीभ आपली आपण चालू लागते, आणि माणूस तिच्या मागे कुठेतरी उभा राहून घराच्या गळणाऱ्या नळाचा विचार करतो. इतर धंद्यांत याला हातखंडा म्हणत असतील.

रक्तदाबाची एक गोळी ते अकरा वर्षं सांगत आले होते. सकाळी एक, रात्री एक. यंदा कंपनीनं तेच औषध नव्या गोळीत आणलं. ही गोळी आतड्यात हळूहळू विरघळते, दिवसभर पुरते, म्हणून दिवसातून एकदाच, सकाळी. मोडायची नाही, चावायची नाही. एका गोळीत पूर्ण दिवसाचं औषध. मीटिंगमध्ये नव्या भरतीला हे समजावून सांगायला मॅनेजरनं यांनाच उभं केलं होतं, आणि यांनी छान सांगितलं होतं.

सोमवारी नवी गोळी घेऊन ते अकरा डॉक्टरांकडे गेले. बुधवारी सकाळी, कोणाच्या चिठ्ठ्या येतायत ते बघायला, नेहमीप्रमाणे चौकातल्या केमिस्टकडे.

"या, अर्धे डॉक्टर!" केमिस्ट खूश होता. "तुमच्या नव्या गोळीनं भवानी केली. सोमवारी संध्याकाळीच पहिली चिठ्ठी. आणि खप बघा, एकाच पेशंटला दिवसाला दोन!"

"दोन?"

"सकाळी एक, रात्री एक. डॉक्टरबाईंची चिठ्ठी. वाचता येते, म्हणजे त्यांचीच."

"दोन नाही हो. एकच. एकच आहे ती."

"मग तुमच्या बाईंना सांगा की. मी चिठ्ठीत असेल ते देतो."

"बाईंना मीच सांगितलंय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की काय सांगितलं ते आपल्याला आठवत नाही. सोमवारचे अकरा दवाखाने, अकरा टेबलं, अकरा वेळा उलटलेली चकचकीत पानं आठवत होती. आवाज आठवत नव्हता. जीभ कुठे नवं बोलली आणि कुठे जुनं, याची नोंद त्यांच्यात कुठेच नव्हती.

पेशंट कोण, असं त्यांनी विचारलं. दोन गल्ल्या पलीकडच्या आजी. एकट्या राहतात, अजून शिवणकाम करतात, गोळ्या दुकानातून घरपोच जातात. केमिस्टनं फोन लावला. बराच वेळ वाजून बंद झाला. परत लावला.

"मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल," केमिस्ट म्हणाला.

सोमवार रात्र, मंगळवार सकाळ, मंगळवार रात्र, आज सकाळ. यांच्या डोक्यात फळ्यावरची ती रेघ उतरेनाच. निम्मं व्हायच्या आत दुसरी गोळी पडत होती, तिच्यावर तिसरी. रक्तवाहिन्या गरजेपेक्षा सैल. बसल्या जागेवरून उठलं की रक्त पायांत उतरणार, डोळ्यांपुढे अंधार. सत्तरीतलं हाड.

केमिस्टनं त्यांचा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला. "अहो, एवढं काय? आजींना मी सांगतो, सकाळचीच घ्या म्हणून. बाईंकडे तुम्ही सहज जा, 'दिवसातून एकदा' म्हणून आठवण करून द्या. कोण चुकलं, कशाला हवंय? सांगून बसाल तर त्या दाराची पायरी पुन्हा चढू देणार नाहीत तुम्हाला."

सल्ला वाईट नव्हता. त्या बाईंच्या खोलीत खुर्चीवर बसायला यांना चार वर्षं लागली होती. पहिली तीन वर्षं उभ्यानंच बोलावं लागलं, चौथ्या वर्षी एकदा त्या म्हणाल्या, "बसा. तुम्ही निदान खोटं बोलत नाही." हे वाक्य त्यांनी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं होतं.

"तुम्ही फोन लावत राहा," ते केमिस्टला म्हणाले आणि निघाले.

आजींच्या घरी स्वतः जावं, असं गल्लीच्या तोंडाशी त्यांना वाटून गेलं. पण दार ठोठावून सांगणार काय? मी कोण? पेशंटशी औषधाबद्दल बोलायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. आणि अर्ध्या डॉक्टरनं आजींना चक्कर आलेली बघून पुढे करायचं तरी काय? ते दवाखान्याकडे वळले. जिन्यावर त्यांनी वाक्य तयार केलं. 'मॅडम, सहज आठवण करून द्यायला आलो होतो.' वाक्य चांगलं होतं. खोटंही नव्हतं.

बाकावर नऊ पेशंट होते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते रांग मोडून आत शिरले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ टायवाले! आम्ही काय इथं हवा खायला बसलोय?"

डॉक्टरबाई एका माणसाचा घसा बघत होत्या. त्यांनी बॅटरी खाली केली. "हे काय चाललंय?"

तयार केलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. "मॅडम, सोमवारी मी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "नवी गोळी दिवसातून एकदाच आहे. मी जुन्या गोळीचा डोस बोललो. शिवणकाम करणाऱ्या आजी चार गोळ्या घेऊन बसल्यात आणि फोन उचलत नाहीत."

घशाचा पेशंट तोंड उघडं ठेवूनच दोघांकडे बघत राहिला.

बाईंनी बॅटरी टेबलावर टाकली. बॅग घेतली, नर्सला हाक मारली आणि जिना उतरल्या. "तुम्ही इथं थांबा," एवढंच यांना म्हणाल्या. ते बाकावर बसले. नऊ जणांच्या रागात दहावा होऊन बसणं त्यांना त्या वेळी बरंच वाटलं. तिथं बसायला निदान कारण तरी होतं.

पाऊण तासानं बाई परतल्या. आजी मोरीच्या दाराशी जमिनीवर बसलेल्या सापडल्या होत्या. उठताना गरगरलं, भिंत धरत खाली आल्या, कोपर सोललं. हाड शाबूत. वरचा रक्तदाब नव्वद. पाय उशीवर ठेवून निजवलंय, नर्स तिथंच थांबलीय, तासातासानं मोजेल, आणखी उतरला तर दाखल करायचं. आजींची तक्रार एकच होती, एक ब्लाउज आज द्यायचा होता.

"गोळीच्या वेष्टनावर वाचायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या. "तो माझा भाग. पण मी तुमच्यावर विसंबले, हेही खरं." त्यांनी पेन उचललं. "काही दिवस माझ्याकडे येऊ नका. मी बोलवीन तेव्हा या."

"हो मॅडम."

"आणि सोमवारी बाकीच्या डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"आठवत नाही."

"मग जा ना. बसलात काय?"

ते गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, दहाही ठिकाणी. प्रत्येक दारात तेच: "सर, सोमवारी माझ्याकडून डोस चुकीचा गेला असेल." पहिले डॉक्टर म्हणाले, "सोमवारी? आला होतात का तुम्ही?" दुसऱ्यांनी विचारलं, "कुठली गोळी?" हाडांचे डॉक्टर मोकळेपणानं हसले. "अहो, तुम्ही बोलता तेव्हा माझी दोन मिनिटं डोळे मिटायची सवय आहे. बरं वाटतं. तुमचा आवाज एकसारखा आहे." एकानं सॅम्पल मुलीच्या सासूला देऊन टाकलं होतं, तिथं मात्र यांनी समोर उभं राहून फोन करायला लावला. सासूबाईंनी पाकीट फोडलंच नव्हतं.

दहापैकी एकानंही ऐकलं नव्हतं. शेवटच्या जिन्यावरून उतरताना त्यांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच जागी दुसरा, वेगळ्या आकाराचा, येऊन बसला. सत्तावीस वर्षं ते भिंतींशी बोलत होते. अकरांत ऐकणारं माणूस एकच होतं, आणि नेमकं बाईंनाच चुकीचं सांगितलं गेलं. बरोबर सांगितलं असतं, तर कुणी ऐकतंय हे त्यांना कधी कळलंच नसतं.

मॅनेजरला त्यांनी स्वतःहून लिहून कळवलं. मॅनेजरनं फोनवर वरचा स्वर लावला, मग खालचा, आणि शेवटी म्हणाला की हे वर गेलं तर त्यालाही त्रास होईल. ते वर गेलंच. कंपनीनं ताकीद दिली आणि वर्षाची पगारवाढ थांबवली. बायको म्हणाली, "थांबू दे. त्या आजींचं काही बरंवाईट झालं असतं तर तुम्ही या घरात जेवला असतात का?"

आजी आठ दिवसांत मशीनवर बसल्या, हे केमिस्टनं सांगितलं.

एकोणीस दिवसांनी, रविवारी सकाळी, घरी फोन आला.

"त्या गोळीबद्दल विचारायचंय," डॉक्टरबाईंनी नमस्कारही न करता सुरुवात केली. "एक पेशंट आहे. यकृत खराब आहे त्यांचं. त्यांना चालेल का? चालली तर किती?"

यकृताचं उत्तर तिसऱ्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, निळ्या चौकटीत होतं. जीभ हललीही. त्यांनी ती दातांखाली धरली.

"मॅडम, तोंडी नाही सांगत," ते म्हणाले. "वाचून, अर्ध्या तासात फोन करतो."

"करा. मी बसलेय."

त्यांनी नव्या गोळीच्या खोक्यातला तो पातळ कागद काढला, घडीवर घडी असलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा. उलगडल्यावर त्यानं जेवणाचं अर्धं टेबल व्यापलं. एक बाजू सारखी गुंडाळत होती. बायकोनं तिच्यावर मिठाची बरणी ठेवली, स्वतःचा चष्मा लावला आणि खुर्ची ओढून घेतली.

"कुठून?"

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "आणि घाई करू नकोस."