मोटारीचं अस्तर

आमचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं, त्याचं खापर घरात प्रत्येकानं वेगळ्या गोष्टीवर फोडलं. ह्यांच्या मते दोष जटक्याचा. भर पावसात त्या टांग्याचा घोडा वाटेत अडून बसला आणि इस्पितळात पोचायला उशीर झाला. सासूबाईंच्या मते दोष माझ्या हौसेचा, कारण बाळ यायच्या आधीच मी झबली आणि कुंच्या शिवून ठेवल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष कशाचाच नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

पुन्हा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "बाळासाठी एक धागासुद्धा ह्या घरात यायचा नाही. सरी?" त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं. त्यांनी 'सरी', म्हणजे कानडीत 'बरं', म्हटलं की विषय संपला, हे मला पुण्याहून आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. माझ्या माहेरी आई नव्हती. पहिल्यासारखं हेही बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

ह्यांनी अंगणातल्या मोटारीला छप्पर घालायचं मनावर घेतलं. ही मोटार म्हणजे लष्करी लिलावातून हौसेनं आणलेलं एक उघडंबोडकं धूड. दर रविवारी हे तिच्याखाली आडवे पडत आणि काळे होऊन बाहेर येत. छपराच्या लोखंडी कमानी तेवढ्या शाबूत होत्या, वरचं कापड कधीच कुजून गेलं होतं. "ह्या खेपेला जटका नको," एवढंच ते म्हणाले. आमच्या चामराजपेटेत तेव्हा रोज संध्याकाळी पाऊस कोसळत होता, आणि माझे दिवस भरत आले होते.

मला एका जागी बसवत नसे. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून स्वयंपाकघरात. पोटातली हालचाल जरा थांबली की माझा जीव टांगणीला लागे. मी उगाच डबे पुसायची, पुन्हा लावायची. भीती वाटते असं सांगायचं तरी कुणाला? जो तो आपापल्या भीतीत होता. ह्यांनी वर्तमानपत्रं चिकटवून छपराचा कागदी नमुना काढला आणि कॅनव्हासला कात्री लावली. ती वाकडी चाललेली कात्री बघून मला राहवेना. मी ती हिसकावून घेतली.

"मोटारीचंच ना?" सासूबाईंनी ओटीवरून विचारलं.

"मोटारीचंच."

"मग शीव."

मशीनच्या सुया पटापट मोडल्या, म्हणून दाभण आणि मेण लावलेला दोरा घेतला. बोटं सोलून निघाली. पण त्या दिवसांत मला थोडं स्वस्थ वाटलं असेल, तर ते दाभण हातात असतानाच.

आतून अस्तर हवं होतं. ते आणायला सासूबाई स्वतः पेठेत गेल्या आणि पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ सुती कापड घेऊन आल्या. मी ह्यांच्या कानाशी कुजबुजले, "मोटारीला काय घामोळं येतंय?"

ते सासूबाईंनी ऐकलंच. "स्वल्प मऊ असू दे. डोक्याला लागतं," त्या म्हणाल्या.

आणि नेमकं तेच अस्तर कमी पडलं. मागच्या उजव्या कोपऱ्याला कापडच उरलं नाही. माप मी स्वतः काढून दिलं होतं, तरी कमी! माझं डोकं फिरलं. तुम्हीच कुठेतरी वेडंवाकडं कापलंत, म्हणून मी ह्यांना फैलावर घेतलं. ते शपथा घेत राहिले. सासूबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. शेवटी मी माझ्या जुन्या निळ्या साडीचा तुकडा त्या कोपऱ्याला जोडला.

छप्पर चढवताना पुढची टिचबटणं काचेच्या चौकटीपर्यंत पोचेनात. कापड ओलं करून ताणलं, तरी बोटभर कमीच. मी ओढायला गेले तशा सासूबाई ओरडल्या, "तू नको!" पदर खोचून त्या स्वतः अंगणात उतरल्या आणि मायलेकांनी मिळून बटणं लावली. संध्याकाळी पावसात आम्ही तिघं आत बसून पाहिलं. फक्त चालकाच्या डोक्यावर गळत होतं.

"गळू दे. तिथं मी बसणार," हे म्हणाले.

कळा आल्या त्या भर दुपारी. आभाळात ढग औषधाला नव्हता. तरी ह्यांनी छप्पर लावलंच. उकाड्यानं जीव जात होता. मी त्या निळ्या तुकड्याकडे बघत, पुढच्या सीटची पाठ आवळून धरत इस्पितळात पोचले. संध्याकाळी मुलगी झाली. ती रडली, आणि मग मी इतकी रडले की नर्स मलाच रागावली.

सकाळी सासूबाई गाठोडं घेऊन आल्या. वर जुन्या धोतराची फडकी होती आणि त्यांच्या खाली एक झबलं. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ. बारीक टाक्यांनी हातानं शिवलेलं.

मी झबल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मोटारीचं कापड आहे," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "उरलं होतं. बाळासाठी मी काही आणलं नव्हतं."

उरलं नव्हतं. कमी पडलं होतं.

मी झबलं मुलीच्या अंगात चढवलं आणि म्हटलं, "सरी, आई."